पिठाच्या गोदामातील धुळीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गोदाम विभाग

विषय: कुडाळ एमआयडीसीतील गोदामात साचलेली पिठाची धूळ व तिथे चाललेले वेल्डिंग

महोदय,

आमच्या बचत गटाच्या तांदूळ, नाचणी आणि कुळथाच्या पिठाच्या 140 गोणी तुमच्या गोदामात आहेत. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठीचा माल काढायला मी मंगळवारी आले, आणि जे पाहिलं त्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पाकिटं भरण्याच्या यंत्राची नळी गळत होती. छपराच्या कैच्या, वायरींच्या पट्ट्या, ट्यूबलाइट, सगळ्यावर पिठाचा जाड थर. एक मुलगा कॉम्प्रेसरची हवा मारून तो थर खाली पाडत होता. समोरचा माणूस दिसेना इतकं पांढरं झालं. त्याच वेळी वीसेक पावलांवर शटरच्या पट्टीला वेल्डिंग चालू! पाऊस आत येऊ नये म्हणून दारं-झरोके बंद. मी ओरडून वेल्डिंग थांबवायला लावलं, तर सुपरवायझर म्हणाले, "ताई, पीठ आहे, दारूगोळा नव्हे. आणि या दमट हवेत काय पेटतंय?"

दशावतारात मशालीवर राळ उडवतात ती आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. राळेचा खडा असा भडकत नाही. पूड हवेत उडाली की कणाकणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि क्षणात जाळ होतो. पिठाचंही तसंच. पण दशावताराच्या मांडावरचा जाळ मोकळ्यावर विरून जातो, बंद गोदामात दाबाला वाट नसते. पहिल्या भडक्याच्या धक्क्याने कैच्यांवरचा थर खाली येतो आणि दुसरा स्फोट पहिल्याहून भयंकर होऊ शकतो. अमेरिकेत पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी साखरेच्या धुळीने असाच घात केला. 14 कामगार गेले. आणि दमट हवेचं म्हणाल, तर बाहेर कितीही पाऊस असला तरी पीठ तुम्हाला कोरडंच ठेवावं लागतं.

कॉम्प्रेसरने झाडणं आजपासून बंद करा. धूळ ओढून घेणारं, अशा धुळीसाठीच बनवलेलं यंत्र आणा. साध्या व्हॅक्युमच्या मोटारीत ठिणगी पडते. आधी ती नळी दुरुस्त करा, नाहीतर आज साफ केलेलं परवा पुन्हा साचेल. दिवे धूळबंद हवेत, आणि आसपासची धूळ काढून, यंत्र थांबवून, लेखी परवानगी दिल्याशिवाय वेल्डिंग नको. तुमच्याकडे माल भरण्याचं काम चालतं, त्यामुळे कारखान्यांच्या सुरक्षेचा कायदा तुमच्या कायदा सल्लागाराला विचारा. धूळ साचू न देणं आणि ठिणगीची कारणं दूर ठेवणं कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 37 मध्ये सांगितलं होतं; नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या 2020 च्या संहितेने घेतली आहे.

आठ दिवसांत काय केलं ते लेखी कळवा, मी स्वतः येऊन बघेन. तसं न झाल्यास आमच्या गोणी आणि उरलेलं आगाऊ भाडं परत द्यावं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मी अर्ज देईन. तो कॉम्प्रेसर धरलेला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा होता. त्याला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आपली,
गोदामाची ग्राहक, कुडाळ