चवथीला मी येत नाही

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी ‘बरं, येते’ म्हणून बसले असते. म्हणून लिहिते. यंदा गणपतीच्या चवथीला मी फोंड्याला येत नाही. रजा मिळते आहे, कदंबची बसही धावते आहे, तेव्हा खोटं कारण देत नाही.

कारण चाळीस माणसं. आपलीच आहेत, पण पंगतीत कुणीतरी म्हणणारच, ‘भरलीस गो, आता बघावंसं वाटतं!’ त्यांना कौतुकच करायचं असतं. माझ्या कानांत मात्र त्याचं ‘जाडी झालीस’ होतं आणि पुढे तीन दिवस घास उतरत नाही. मावशीच्या नातवाच्या बारशाला तेच झालं. तुम्हाला कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही.

आई, तुला वाटतं वजन आलं, पाळी आली, म्हणजे संपलं. बाहेरून तसंच दिसतं. पण या न जेवण्याच्या दुखण्यात अंग आधी सावरतं, डोकं पुष्कळ मागून येतं. बाबा, तुम्हाला पुरावा लागतो. 1945 साली अमेरिकेत मिनेसोटाला 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, दिवसभर खाण्याचंच बोलायचे. पुन्हा पोटभर मिळू लागलं तरी मन ताळ्यावर यायला कितीतरी महिने गेले. आता आठवा, त्या चवथीला सगळ्या नेवऱ्या कुणी भरल्या आणि एकही कुणी खाल्ली नाही. तुम्ही ‘हट्ट’ म्हणालात. हट्ट असता तर तुमच्यासाठी सोडला असता हो.

आणि ते उपास. आधी सोमवार, मग संकष्टी, मग एकादशी. आई शेजारी सांगायची, ‘आमची बाय किती भाविक!’ देवाचं नाव पुढे केलं की ताट मागे सारता येतं, हे मला उमगलं होतं. तुला कसं उमगणार? आपण पहिल्यांदा दाखवलं त्या डॉक्टरांनाही नाही उमगलं. ‘लग्न झालं की खाईल,’ म्हणाले. तेव्हा नाडीचे ठोके मिनिटाला 42 वर आले होते. म्हणून तयेचा, हरतालिकेचा उपासही यंदा धरत नाही. म्हाळसादेवीला मी मनातल्या मनात सांगितलं आहे, तू वेगळं सांगू नकोस.

इथे माझी आबाळ नाही. पणजीच्या मळा भागातली खोली हवेशीर आहे, फक्त पावसात भिंतीला ओल येते. सकाळी पाववाला पदेर पों पों करत आला की दोन उंडे पाव घेते. तीन जेवणं, मधे तीनदा खाणं, सगळं गजर लावून. भूक अजून नीट कळत नाही. घरमालकीण माशाचं हुमण देते, तुझ्याइतकं आंबट नसतं. वजन डॉक्टरच बघतात. मी काट्याकडे पाठ करून उभी राहते, आकडा मला सांगत नाहीत. बाबा, आपला काटा माळ्यावर टाकलात ना, तो तिथेच असू दे.

गणपतीवर फळांची माटोळी बांधताना तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात. सुपारीचा घोस माझ्याकडे, तोरंजनं दादाकडे. खालून विचारायचात, ‘हात पोचतो गो?’ तुमचे केस मी घट्ट धरलेले असायचे, तरी ओरडला नाहीत कधी. यंदा शिडी धरायला दादाला बोलवा. एकट्याने चढायचं नाही. रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, आरत्या संपेपर्यंत थांबायचं नाही.

आई, मधुमेहाची गोळी घेऊन निर्जळी अजिबात नको. साखर एकदम खाली जाऊ शकते. फळं खा, पाणी पी. मी यंदा चुलीपाशी नसणार याचा राग असला तर ठेव, पण हे ऐक.

विसर्जनानंतरच्या रविवारी येते, दोन रात्री राहते. भात आणि सोलकढी, एवढंच कर. जेवताना माझ्या ताटाकडे बघू नका, दोघंही. बाबांनी नारळाचे भाव सांगावेत.

तुमची,
बाय