रंग विचारांचे नव्हेत

रविवारच्या पुरवणीतील ‘एमआरआय आता मन वाचतो’ अशा आशयाचा लेख वाचला. यंत्राची महती पटते; हा दावा मात्र पटत नाही.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) चुंबकात शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांना सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी देतात आणि परत येणाऱ्या संकेतांवरून प्रतिमा रचतात. मेंदूचे ‘कार्य’ दाखवणाऱ्या चाचणीत तर चेतापेशींचा विद्युतसंदेश मोजलाच जात नाही. काम करणाऱ्या भागाकडे गरजेपेक्षा जास्त प्राणवायुयुक्त रक्त धावते. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित बिघाड करते; ते कमी झाले की संकेत जेमतेम काही टक्के वाढतो, तोही पाच-सहा सेकंद उशिराने. प्रतिमा मेंदूचे छोटे ठोकळे पाडून रचली जाते; ३ मिलिमीटर बाजूच्या अशा एका ठोकळ्यात लाखो चेतापेशी असतात. त्यातली नेमकी कोणती काय ‘म्हणाली’, हे कसे कळणार?

लेखासोबत मेंदूच्या प्रतिमेवर छापलेले लाल-पिवळे ठिपके म्हणजे संख्याशास्त्रीय कसोटीचा निकाल असतो. डोके दोन-तीन मिलिमीटर हलले तरी खोटे ठिपके उमटतात. हजारो ठोकळ्यांची तुलना करताना योगायोगाने येणाऱ्या खोट्या निकालांसाठी योग्य दुरुस्ती केली नाही, तर काय होते? २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दाखवून दिली होती! मेंदूतील अर्बुद (गाठ) काढण्यापूर्वी भाषेचे क्षेत्र हुडकायला ही चाचणी शल्यविशारदांना मोलाची ठरते. लेखात त्याला एकच ओळ मिळाली.

– एक एमआरआय तंत्रज्ञ, कोथरूड, पुणे