पोचली

दादा,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालू नका म्हणालात, म्हणून नुसतं दादा. मिरग लागला, शेवटचा आंबा कॅनिंगच्या गाडीत गेला, आणि मार्चपासून आज पहिल्यांदा मी निवांत बसलेय. पहिलं पत्र तुम्हालाच लिहायचं ठरवलं होतं. उघडपणे लिहितेय, कारण एप्रिलमध्ये लोक मला लबाड समजले तेही उघडच होतं.

आमच्या धंद्यात दिवस मोजून असतात हे तुम्हाला माहीत आहे. फळ अढीत घातलं की आठ-दहा दिवसांत तयार. तेवढ्यात तोडणी, प्रतवारी, पेटी, गाडी आणि गिऱ्हाइकाचं घर. म्हणून ऑर्डर आली, पैसे आले की बागेच्या नावाच्या पत्त्यावरून लगेच मेल जाते: पैसे मिळाले, तोडणी या तारखेला, पेटी या दिवशी निघेल. चार वर्षं ती मेल बिनबोभाट जायची. यंदा ती माझ्याकडून जायची, ‘सेंट’मध्ये दिसायची, आणि समोरच्याला मिळायची नाही. बऱ्याच स्पॅममध्ये पडत होत्या. काही उलट परत यायच्या, वर ५५०-५.७.२६ असा आकडा. तो आकडा मला आता झोपेतही सांगता येईल, पण ‘पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही’ हा त्याचा अर्थ तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

ठाण्याच्या एका बाईंचा फोन मी विसरणार नाही. ‘पैसे घेताना बरा फोन लागला तुमचा. आता तोंड लपवून बसलात का?’ त्यांची चूक नव्हती. दर मोसमात कुणीतरी देवगडच्या बागांचे फोटो चोरून लावतो, आगाऊ पैसे घेतो आणि गायब होतो. लोक पोळलेले आहेत. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा देवगडच्या खोक्यात घालून विकणं थांबलेलं नाही. अशा बाजारात पैसे घेऊन गप्प बसलेला बागवाला म्हणजे चोरच. मी व्हॉट्सॲपवर निरोप धाडायला लागले, पण आधीच शंका आलेल्या माणसाला अनोळखी नंबरवरून ‘काळजी करू नका’ असं आलं की त्याची शंका वाढते. अकरा जणांनी पैसे परत मागितले. दिले. त्या दिवशी मी अढीच्या खोलीत पेंढ्यावर बसून रडले. बाबा दारात उभे होते. ‘पेटी पोचता, मग मेल कित्याक पोचणा नाय?’ एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांच्याकडे उत्तर असायला हवं होतं, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. वेबसाइट करून देणाऱ्यानं सांगितलं, ‘गिऱ्हाइकांना स्पॅम बघायला सांगा.’ दोनशे घरांना मी कुठल्या मेलनं सांगणार होते? ज्यांच्या सर्व्हरवर आमची वेबसाइट आणि मेल आहे त्या होस्टिंगवाल्यांनी तक्रारीचं तिकीट उघडलं, ‘आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे’ असं लिहिलं आणि बंद केलं. मी पुन्हा उघडलं, त्यांनी पुन्हा बंद केलं. त्या तिकिटाच्या पलीकडे कुणी माणूस होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्यानं साडेसहा हजार रुपये घेतले, सगळे पासवर्ड व्हॉट्सॲपवर मागून घेतले, ‘चोवीस तासांत होईल’ म्हणाला आणि मग फोन उचलायचा बंद झाला. पैसे गेल्याचं दुःख थोडं आहे. मी ताटकळत असताना तो फोन वाजू देत होता, याचं जास्त आहे.

आणि मग तुमचा फोन आला. तुम्ही आमचं गिऱ्हाईक, दोन-दोन डझनांचे दोन खोके सांगितलेले. मला वाटलं, बारावा माणूस. मी माफी मागायला सुरुवातही केली. तुम्ही थांबवलंत. ‘ताई, पैशांसाठी फोन नाही केला. तुमची मेल माझ्या स्पॅममध्ये सापडली. हेडर उघडून बघितला. तुमच्या डोमेनला, म्हणजे बागेच्या इंटरनेटवरच्या नावाला, एसपीएफच्या दोन नोंदी आहेत. दोन असल्या की एकही धरली जात नाही.’

हेडर उघडून बघितला! माल मिळाला नाही तर लोक शिव्या घालतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. तुम्ही मात्र आपल्याला न मिळालेल्या निरोपाच्या पाठीवरचे शिक्के वाचत बसलात आणि पाठवणाऱ्या बाईला काही अडचण असेल असं समजून फोन केलात. तुमचं काम मेल सर्व्हर सांभाळण्याचं, हे मला नंतर कळलं. पण तो रविवार होता, आणि आमच्या बागेचा सर्व्हर काही तुमच्या कामात येत नव्हता.

काम सुरू करताना पहिलंच वाक्य तुम्ही बोललात ते ‘पासवर्ड मला सांगू नका’. स्क्रीन मी बघायची, बोटं माझी, तुम्ही फक्त फोनवर. त्यामुळे आज मला हे सगळं कळतं. ईमेलचे मूळ नियम १९८२ सालचे. तेव्हा जाळ्यात माणसं थोडी होती, पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव घालावं, तपासायला कुणी नव्हतं. पुढे त्या भोळेपणाचा चोरांनी फायदा घेतला, म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क आले. कुठल्या सर्व्हरला आमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी आहे, त्याची यादी म्हणजे एसपीएफ. आमच्याकडे एक यादी होस्टिंगनं आपणहून केलेली, दुसरी वेबसाइटवाल्यानं टाकलेली. साडेसहा हजारवाल्यानं त्यातल्याच एकीत आम्ही कधी न वापरलेल्या चार कंपन्यांची नावं कोंबून ठेवली होती. यादी तपासताना दहापेक्षा जास्त ठिकाणी विचारायला लागलं तर तपासणारा सगळंच फेटाळतो. म्हणजे दोनांतली ती एकच नोंद ठेवली असती तरी चाललं नसतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू टप्प्याटप्प्यानं नियम आवळत गेले, आणि ते आमच्यापर्यंत येईतोवर आमच्या या गोंधळाकडे डोळेझाक होत होती, हेही तुम्हीच सांगितलंत.

डीकेआयएम समजावताना तुम्ही जे म्हणालात ते मी आता दुसऱ्या बागायतदारांना सांगते. ‘ताई, तुमच्या फळाला स्टिकर आहे, मेलला नाही.’ २०२५ च्या मोसमापासून देवगडात फळाफळावर कोडचे स्टिकर लागायला लागले, गिऱ्हाइकानं कोड तपासून बघावा म्हणून. मेलचंही तसंच, डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही: गुप्त चावी आमच्या सर्व्हरकडे, उघडी चावी डोमेनच्या नोंदीत, आणि वाटेत मजकुराचं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. तीस वर्षं आंबा विकणाऱ्या बाबांना हे एका वाक्यात कळलं.

ती रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. वळीव कोसळून गेलेला, वीज नाही, आमच्याकडे रेंज मिळते ती खळ्यातच. लॅपटॉप तुळशीच्या कट्ट्यावर, बॅटरी एकोणीस टक्के, आई छत्री आणि टॉर्च धरून. एसपीएफच्या दोन नोंदींची एक केली. डीकेआयएमची चावी टाकली. तरी तुमच्याकडून दोनदा उत्तर आलं, ‘स्पॅममध्ये’. मग तुम्ही म्हणालात, ‘चावीची शेवटची अक्षरं वाचा. आयडीएक्यूएबी दिसतंय का? या चाव्या बहुतेक तशाच संपतात.’ मी वाचलं. नव्हतं. चावी जवळजवळ चारशे अक्षरांची, आणि डोमेनच्या नोंदीत एका तुकड्यात मावतात २५५. होस्टिंगच्या पॅनेलनं पुढची अक्षरं मुकाट्यानं गिळून टाकली होती, वर हिरवी खूणही दाखवली होती. तिचे दोन तुकडे केले, दोन्हींना अवतरणचिन्हं लावली, पुन्हा एकेक अक्षर तुम्हाला वाचून दाखवलं. कॅपिटल, स्मॉल, आकडा, कॅपिटल. जवळजवळ चारशे अक्षरं, दादा. एकदाही तुम्ही ‘लवकर’ म्हणाला नाहीत. शेवटी आयडीएक्यूएबी आलं तेव्हा आईनं टॉर्च बंद करून माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘जुनी नोंद तासभर लोकांच्या सर्व्हरच्या लक्षात राहील,’ तुम्ही म्हणालात, ‘तोवर जेवून घ्या.’

अकरा चाळीसला एका शब्दाचं उत्तर आलं. ‘पोचली.’ मग तुमच्या याहूच्या पत्त्यावरून, ‘पोचली.’ ऑफिसच्या पत्त्यावरून, ‘पोचली.’ आणि तुमच्या आईंच्या पत्त्यावरून, ज्यांना तुम्ही त्यासाठी जागं ठेवलं होतं, ‘पोचली हो बाळा’.

काम इथे संपलं होतं. कुणीही इथे थांबला असता आणि मी जन्मभर ऋणीच राहिले असते. तुम्ही म्हणालात, ‘रोज सकाळची पहिली मेल मला पाठवत जा.’ मी पाठवत गेले. आणि डोंबिवलीहून लोकल पकडायच्या आधी तुम्ही रोज उत्तर देत गेलात. रोज तोच शब्द. मी मोजलेत, चौतीस सकाळी. एके दिवशी दहा वाजले तरी उत्तर नव्हतं आणि माझ्या पोटात गोळा आला. दहा वीसला आलं, ‘पोचली. गाडी लेट होती.’ लोकांना सांगताना मी एसपीएफचं सांगते, कारण ते सांगता येतं. पण मला त्या चौतीस सकाळींनी उभं केलं. रोज तुमचा तो एक शब्द बघायचा आणि मग धीरानं उरलेल्या साठ-सत्तर मेल्स सोडायच्या.

बाबांची एक जुनी वही आहे. मुंबईला पेट्या ट्रकनं आणि एसटीनं जायच्या तेव्हापासूनची. त्यात नाव, डझन, भाडं आणि शेवटचा रकाना ‘पोच’. पेटी मिळाल्याचं कार्ड आलं की बाबा तिथे बारीक अक्षरात तारीख घालायचे. ज्यांचं कार्ड यायचं नाही त्यांची जागा कोरी राहायची आणि बाबा मोसम संपला तरी त्या कोऱ्या जागांवरून बोट फिरवायचे. पाऊस पडायला लागला की म्हणायचे, पोच देणारं माणूस सांभाळून ठेवावं. मला लहानपणी वाटायचं, आंबे खाल्ले, पैसे दिले, आता कार्ड कशाला? यंदा कळलं. जगात काम करणारी माणसं पुष्कळ आहेत, पैसे मोजले की मिळतात. आपण केलेलं समोरच्यापर्यंत गेलं की नाही याची दुसऱ्याला लागलेली काळजी ओळखून, न विचारता तिचं उत्तर देणारा माणूस दुर्मीळ. असं एक माणूस ओळखीचं असलं की बाकीच्यांवरचाही राग उतरतो. त्या ठाण्याच्या बाईंना मी नंतर स्वतः फोन केला. त्यांनी पुन्हा दोन पेट्या घेतल्या.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे डीमार्क, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना, आधी ‘नन’वर (काहीच करू नका) ठेवलं, दोन आठवडे अहवाल बघितले, मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) केलं. वेबसाइटवरून जाणारी मेलही आता रीतसर मेलच्या सर्व्हरमधूनच लॉगिन करून जाते. आमच्या वाडीतल्या आणखी तिघांच्या डोमेनमध्ये दोन-दोन एसपीएफ निघाले. मी बसून एकेक केले. पासवर्ड कुणाचाच घेतला नाही.

तुम्ही खोक्यांचे पैसे चुकते केलेत, एक रुपया सोडू दिला नाहीत. बाबांना ते अजून पटलेलं नाही. त्यांनी परवा ती वही काढली, मुंबईच्या पानावर तुमचं नाव घातलं, चार डझन लिहिले, आणि पोचेच्या रकान्यात तारखेऐवजी नुसतं ‘३४’ लिहिलं.

आईनं तुमच्या आईंसाठी आंबापोळी आणि आमसुलं बांधून ठेवली आहेत. याचे पैसे विचारायचे नाहीत. पत्ता खोक्यांवर होता तोच धरतेय, सोमवारच्या गाडीला पार्सल टाकते. पोचलं की कळवा.

तुमची,
देवगडची ताई