"पेलेट कुठंय?" असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझा शोधनिबंध गेल्या महिन्यात छापून आला. शेवटी आभारांच्या परिच्छेदात तुमचं नाव आहे, पुढे इंग्रजीत 'तांत्रिक साहाय्य' एवढेच दोन शब्द. तुम्ही केलंत ते त्या दोन शब्दांत मावत नाही, म्हणून हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही आमच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालात, पण त्या खोलीत नवी मुलंमुली येतच आहेत. त्यांनाही हे कळलं पाहिजे.

ती कुपी तुम्हाला आठवत असेल. शंभर मायक्रोलिटर, पेशीच्या केंद्रकातलं पीएमएल नावाचं प्रथिन शोधून त्याला चिकटणारी अँटीबॉडी. माझ्या महिन्याच्या फेलोशिपपेक्षा महाग. सात आठवडे वाट पाहिल्यावर बर्फाच्या खोक्यातून निघाली, तेव्हा मी ती दोन्ही हातांनी धरली होती. तुम्ही त्याच दुपारी तिचे दहा-दहा मायक्रोलिटरचे ॲलिकॉट, म्हणजे वेगवेगळ्या नळ्यांत छोटे वाटे, करायला लावलेत. "सारखी गोठवशील, वितळवशील, तर सहा महिन्यांत पाणी होईल तिचं," म्हणालात.

माझ्या आईला मी नेमकं काय करते ते सांगताना मी नेहमी सोमलापासून सुरुवात करते. विष म्हणून ज्याचं नाव आपण ऐकतो तोच सोमल, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, पीएमएलचं जनुक भलत्याच जनुकाला जोडलं जातं आणि रक्तपेशी अर्धवट वाढीतच अडकून बसतात. या आजारात माणूस रक्तस्रावानं काही दिवसांत जाऊ शकतो. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात त्यावर सोमल शिरेतून द्यायला सुरुवात केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं १९९८ पासून नव्या रुग्णांना एकट्या आर्सेनिकवर ठेवून बरं करून दाखवलं. ज्या घरांना बाकीची औषधं झेपत नाहीत त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! पुढे २०१३ साली युरोपातल्या एका चाचणीचे निकाल आले. कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांना आर्सेनिक आणि 'अ' जीवनसत्त्वापासूनचं औषध एकत्र दिलं, तेव्हा दोन वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता जगत होते. हा आकडा मी आजही वाचते तेव्हा अंगावर काटा येतो.

आर्सेनिक थेट पीएमएललाच चिकटतं, मग पीएमएलवर सुमो नावाची छोटी प्रथिनं चढतात आणि शेवटी पेशी ते मोडीत काढते, एवढं आधीच माहीत होतं. मला पहिल्या काही तासांचा हिशेब हवा होता. याच आजाराच्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या एनबी४ पेशी वाढवायच्या, आर्सेनिक द्यायचं, ठरावीक वेळांना पेशी फोडायच्या आणि ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीनं पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, पीएमएल बघायचं.

शून्य तासाला बँड छान दिसायचा. एका तासानंतर काहीच नाही. इतक्या लवकर प्रथिन मोडीत निघणं शक्य नव्हतं. चार महिने मी हाच ब्लॉट करत राहिले. दूध पावडर बदलली, मेम्ब्रेन बदलली, एक्सपोजर वाढवत नेलं. शेवटी मी ठरवून टाकलं की अँटीबॉडीच खराब आली. कंपनीला पाठवायची तक्रार लिहून तयार होती.

फोडलेल्या पेशी मी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचे, वरचं द्रव ब्लॉटला घ्यायचे आणि नळीच्या तळाशी बसलेला साका, म्हणजे पेलेट, टाकून द्यायचे. त्या संध्याकाळी तुम्ही सेंट्रिफ्यूज पुसायला आलात आणि माझ्या कचऱ्याच्या डब्याकडे पाहून विचारलंत, "पेलेट कुठंय?"

"टाकलं."

"टाकलं? आर्सेनिक दिल्यावर हे प्रथिन बफरमध्ये उतरत नाही, खाली बसतं. तू रोज तेच फेकून देतेस, पोरी."

मी खाली बसले. खरंच बसले, जमिनीवर. पीएमएल तासाभरात केंद्रकाच्या न विरघळणाऱ्या भागात जातं, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं माझ्या हातापर्यंत पोचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तुम्ही सुट्टी सोडून आलात. पेशी थेट एसडीएस या साबणासारख्या रसायनाच्या उकळत्या बफरमध्ये फोडायच्या, वरचं काही फेकायचं नाही, खालचं काही फेकायचं नाही. लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचं द्रव, एकतारी पाकासारखं तार धरू लागलं. मी घाबरले, तर तुम्ही शांतपणे बारीक सुई लावलेली सिरिंज दिलीत आणि डीएनए तुटेपर्यंत ओढत-सोडत राहायला सांगितलंत. बफरमध्ये एन-इथाइलमॅलीमाइड घातलंत, तेही त्याच वेळी इथेनॉलमध्ये विरघळवून, कारण पेशी फुटताच सुमो कापून टाकणारी एन्झाइमं कामाला लागतात आणि त्यांना तिथल्या तिथे थांबवावं लागतं. प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं डीटीटी मी त्याच नळीत घालायला निघाले होते, तुम्ही माझं मनगट धरलंत. दोन्ही एकत्र आली की दोन्ही वाया. आधी एक, काम झाल्यावर दुसरं. हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये मला इतकं स्पष्ट लिहिलेलं सापडलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म वर आली. एका तासाच्या लेनमध्ये, नेहमीच्या बँडच्या पुष्कळ वर, एकावर एक पायऱ्या चढत गेलेल्या. सुमो चढलेलं पीएमएल, जिथल्या तिथे. तुम्ही फिल्म ट्यूबलाइटसमोर धरलीत आणि म्हणालात, "आहे की." आणि हात धुवायला गेलात.

अँटीबॉडी पहिल्या दिवसापासून चोख काम करत होती. ती तक्रार मी पाठवली नाही याबद्दल तुमचे वेगळे आभार.

आणखी एक दिवस मला सांगायचाय. मी त्याच अँटीबॉडीनं पेशी रंगवल्या होत्या आणि तुम्हाला मायक्रोस्कोपवर बोलावलं. निरोगी पेशीच्या केंद्रकात पीएमएलचे मोजता येतील इतकेच ठिपके असतात, मोहरीसारखे ठसठशीत. एनबी४ मध्ये त्यांची खसखस झालेली असते, सगळीकडे विखुरलेली. आणि आर्सेनिक दिल्यावर ती खसखस गोळा होऊन पुन्हा मोहरी होते. तुम्ही डोळा लावून फार वेळ उभे होतात. मग म्हणालात, इतकी वर्षं लोकांचे जेल ओतले, बफर बनवले, पण कुणी असं बोलावून दाखवलं नव्हतं. तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही. काका, ते ठिपके माझे जितके आहेत तितकेच तुमचे आहेत.

डीप फ्रीझरच्या तिसऱ्या खणात आता एक खोका आहे, वर मार्करनं 'पेलेट' लिहिलेला. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला तो दाखवते. आणि त्या कुपीतली दहा मायक्रोलिटरची शेवटची नळी मी अजून उघडलेली नाही. दिवाळीनंतर शहरात याल असं फोनवर म्हणालात. गेटवर पासची व्यवस्था करून ठेवते. पेशी आदल्या दिवशी तयार ठेवीन, स्लाइड आपण दोघं मिळून रंगवू.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची पोर