होडी घेतली, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

होडीचं बोलणं फोनवर अर्धवटच राहिलं. आई "पाण्याचा काय भरोसा" म्हणाली. बाबांनी आधी किंमत विचारली, मग "बदकं मारायला तर नाही ना?" असं विचारलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. बाबांचं ते "बरं" मला चांगलं कळतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

होडी जुनी आहे, फायबरची. १४ फूट लांब, साडेचार फूट रुंद. कोकणातल्या एका खाडीत मासेमारीला चालायची. २८,००० रुपयांत ठरली. निम्मे पैसे इथल्या मच्छीमार सोसायटीने घातले, निम्मे मी. इकडे रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये ती आली, त्यामुळे भाडंही बेताचंच पडलं. वर्षभर सोसायटी तिच्यातून जाळी टाकेल. हिवाळ्यात सकाळची ती माझ्या आणि शाळेतल्या दोन शिक्षकांच्या हाती राहील.

बाबा, बदकं मारायला नाही, मोजायला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीवर बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले. अमेरिकेत मात्र समुद्रकिनाऱ्यावर बदकांची शिकार आजही परवाना काढून चालते. तिथल्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागतं. १९३४ पासूनची ही पद्धत आहे, आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. ती माणसं बंदूक चालवतात, हे मला पटत नाही. पण जुनी होडी कशी पारखायची, उथळ पाण्यात कोणती चालते, गवत बांधून ती कशी लपवायची, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. मी त्यांचे व्हिडिओ लावून बसायची आणि वहीत टिपून घ्यायची. बंदूक त्यांची त्यांना, पारख आपण घेतली.

आता पारख कशी केली ते सांगते, कारण बाबांचा खरा प्रश्न तोच असणार. बाजारात बैल घेताना तुम्ही आधी दात बघता, मग चालवून बघता, तसंच केलं. मी आणि सोसायटीतले एक ढीवर काका, दोघं कोकणात जाऊन आलो. होडी उलटी घालायला लावली आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने तळ इंचाइंचाने ठोकत गेलो. चांगल्या फायबरला टणक, स्वच्छ आवाज येतो. आतले थर सुटले असले की तिथे भद्द वाजतं. उजव्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत तसं वाजलं. काकांनी तिथे अंगठा दाबला, तर किंचित दबलं. मालकाने ती जागा घासून, नवं फायबर चढवून द्यायचं कबूल केलं, आणि तिथेच किंमत उतरली.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या फळीला दिला. इंजिन जिथे टांगतात, ती फळी बाहेरून फायबरची दिसते, पण आत प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि प्लायवूड आतल्या आत कुजतं, वरून रंग चकाचक. होडी सरळ करून इंजिन टांगायला लावलं. काकांनी ते धरून वरखाली हलवलं, मी फळीच्या कडेला डोळा लावून बसले. फळी हलली नाही. एक बोल्ट काढायला लावला, तो कोरडा निघाला, लाकडाचा भुगाही नाही की कुबट वासही नाही. मग होडीत पाणी भरलं आणि अर्धा तास खालून बघत राहिलो. कुठे थेंब नाही.

इंजिन मात्र घेतलं नाही. मालक फार गळ घालत होता. पण खाऱ्या पाण्यात चाललेलं इंजिन रोज गोड्या पाण्याने धुतलं नसेल, तर थंड पाणी फिरायच्या त्याच्या नळ्या मिठाने खाऊन जातात, आणि ते वरून दिसत नाही. शिवाय आपल्या तलावात इंजिन हवं कशाला? त्याचा आवाज झाला की सगळा थवा उठून दुसऱ्या तलावावर जाईल. वल्हं आणि लांब बांबू, बस.

आई, तुझ्या भीतीचं. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला, ती बातमी तुझ्या मनात आहे, माझ्याही आहे. डोंगा गोल बुडाचा असतो. एकजण उभा राहिला तरी कलतो. ही होडी चपट्या तळाची आहे आणि दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे आहेत. तरी मी बाकांखाली बूच घट्ट लावलेले पाण्याचे रिकामे कॅन बांधलेत. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी बसायचं नाही, तिघांवर चौथा नाही, उभं राहायचं नाही, आणि वारा सुटला की पाण्यात उतरायचंच नाही. शाळेतली पोरं तलावाच्या पाळीवरूनच, म्हणजे बांधावरूनच बघतील. हे मी लिहून सोसायटीच्या खोलीत लावलं आहे.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. तुमच्याकडे कापूस आणि विहिरी, तलाव काय ते तुम्ही नवेगावबांधला एकदा पाहिला असेल. इकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात गावागावाला जुने मालगुजारी तलाव आहेत, कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ नि बेशरमचं तण वाढत गेलं. आमच्या तलावात ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, बाया ती बेशरम उपटून चिऊल, देवधान असल्या पाणवनस्पती पुन्हा लावताहेत. त्यांची मेहनत मी रोज बघते. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून, पावसाळ्यातसुद्धा. त्याने मासे वाढले का हे सोसायटीला जाळ्यात कळेल. बदकं वाढली का, हे कोणी मोजलंच नाही तर कसं कळणार? पाणपक्ष्यांची गणना आशियात १९८७ पासून दर जानेवारीला होते, तीत आमच्या तलावाचा आकडा पाळीवरून अंदाजाने जायचा. मधल्या कमळाच्या पानांमागे अडई बदकं बसली असतील तर दुर्बिणीतूनही दिसत नाहीत. लालसरी बदक डुबकी मारून भलतीकडेच वर येतं, दोनदा मोजलं जातं. होडीतून शांतपणे, गवताआड बसून मोजलं तर खरा आकडा मिळेल. तो आकडा ग्रामसभेत मांडायचा आहे, कारण तलावाचं काय करायचं हे तिथे ठरतं, आणि तिथे बायांच्या कामाला पुरावा लागतो.

मला हे काम फार मोलाचं वाटतं, बाबा. पगारातले १४,००० गेले, पण ते मी विचार करून घातले.

आता दोन कामं. कोठ्यात सागाची ती लांब फळी पडून आहे ना, ती धाकट्याबरोबर पाठवा, इथला सुतार तिची दोन वल्ही काढून देईल. आणि सीतादहीची पूजा होऊन कापसाचा पहिला वेचा घरात आला की तुम्ही दोघं इकडे या. आईला होडीत बसवणार नाही, घाबरू नये. पाळीवर खुर्ची टाकून देईन. बाबांनी यायचं असेल तर थंडीची बंडी आणि गुडघ्याचा पट्टा आणावा, कारण पहाटे पाचला निघावं लागतं. बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या घेऊन या, इथल्या दुकानात त्या कंपनीच्या मिळत नाहीत.

तुमची लेक