बिबट्या आणि मांजरीचं क्रॉस होत नाही, पिल्लं उचलू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या वाडीतल्या पोरांनी काजूच्या बागेत साफसफाई करताना दोन ठिपकेवाली पिल्लं उचलून घरी आणली आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं की बिबट्या नि मांजरीचं क्रॉस सापडलंय. फोटो ग्रुपवर फिरले, शेजारच्या वाडीतून माणसं बघायला आली, कुणीतरी गाईचं दूध पाजलं आणि सकाळी एक पिल्लू मेलेलं. वाघाटीची, म्हणजे रानातल्या ठिपकेवाल्या लहान मांजराची पिल्लं होती ती. दुसरं आम्ही तिन्हीसांजेला त्याच जागी ठेवलं आणि लांब बसून राहिलो, काळोख पडल्यावर आई आली नि मानेला धरून घेऊन गेली.

बिबट्या आणि मांजर यांचं पिल्लू होऊच शकत नाही हो. गुणसूत्रं दोघांचीही ३८ आहेत, पण दोघांचे पूर्वज वेगळे होऊन सुमारे एक कोटी वर्षं झाली, आणि घरातली मनी तीन-चार किलोची, बिबट्याला ती भक्ष्यच दिसणार. वाघ-सिंहासारख्या मोठ्या जनावरांचं आपापसात होतं, आपल्या कोल्हापुरातच १९१० साली बिबट्या आणि सिंहिणीला पिल्लं झाली होती, पण ती पाळलेली जनावरं. काळा बिबट्या पण क्रॉस नाही, नुसता रंग वेगळा. आणि कांडेचोर, म्हणजे उदमांजर, तर मांजराच्या कुळातलाच नाही.

वाघाटी आणि घरच्या मांजरीचं मात्र होतं, परदेशात त्यातूनच बंगाल नावाची जात काढली, त्यात सुरुवातीच्या पिढ्यांतले बोके वांझ निघतात. रानमांजर तर आपल्या मांजराचं अगदी जवळचं, तिथे संकर सहज होऊ शकतो, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. स्कॉटलंडमधलं रानमांजर, त्याची जात वेगळी, पाळीव मांजरांत मिसळून मिसळून जवळजवळ संपलं. आपल्याकडे घराघरातले बोके रात्रभर रानात असतात, त्यांची नसबंदी आणि रेबीजची लस कोण करतं सांगा. वाडीवर शिबिर ठेवलं तर लोक आणतील मांजरं, मी स्वतः चार आणीन.

वाघाटीच्या कानामागे पांढरा ठिपका असतो, तो दिसला तर पिल्लाला हात लावू नका. ती घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याला १९२६ वर फोन करा. साहेब, काजूचा सीझन सुरू व्हायच्या आत वाघाटी, रानमांजर आणि बिबट्याचं पिल्लू यांचे फोटो शेजारी शेजारी छापाल का? आमच्या शाळेच्या फळ्यावर मी लावतो.

एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग