लंगडी-लगोरीला बालवाडीच्या वेळापत्रकात जागा हवी

संपादक महोदय,

तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करावी आणि त्यांपैकी ६० मिनिटे तरी ती दमवणारी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले असले, तरी अनेक बालवाड्यांत मुलांचा बराचसा वेळ बसून अक्षरे गिरवण्यातच जातो, याचे मनापासून वाईट वाटते. धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे-झेलणे ही कौशल्ये वयानुसार आपोआप पक्की होतात, हा समज चुकीचा आहे; त्यांना सराव लागतो आणि कुणीतरी करून दाखवावे लागते. लंगडीत मूल एका पायावर तोल सांभाळत दिशा बदलायला शिकते, तर लगोरीत नेम धरायला. झेल शिकवताना चिंध्यांचा मोठा, मऊ चेंडू घेतला, तर तो अंगावर येण्याची भीती उरत नाही. मात्र लहान गटात बाद झालेल्या मुलाला बाहेर बसवण्याची पद्धत सोडावी, कारण ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते, तेच बहुधा सर्वांत आधी बाद होते. महिला व बालविकास विभागाने अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात या खेळांना प्रत्यक्ष मैदानावरचे तास द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा